एम म्हणजे नेमकं किती? ऑनलाइन कपड्यांसाठी मापं घेण्याची आणि जुळवण्याची रीत

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला दुकानात शर्ट घेताना कुणी टेप काढत नाही. दुकानदार एकदा खांद्याकडं बघतो, गठ्ठ्यातून एक ओढतो, आणि बहुतेक वेळा तोच बसतो. मोबाइलवर ती नजर नसते. तिथं एक तक्ता असतो, आणि त्यातला आकडा तुमच्या अंगाचा आहे की कपड्याचा हे ओळखता आलं नाही, तर नेहमीचा एल मागवूनही बटण लागत नाही.

आधी तक्ता वाचायला शिका

छाती ३८ इंच असलेल्या माणसाच्या बऱ्यापैकी बसणाऱ्या शर्टाची छाती ४२ च्या आसपास भरते. मधले चार इंच हात वर करायला, गाडीवर बसायला, श्वास घ्यायला लागतात. टेलर ज्याला 'लूज ठेवणं' म्हणतात ते हेच. त्यामुळं एकाच शर्टाला एका साइटवर ३८ आणि दुसऱ्या साइटवर ४२ लिहिलेलं दिसू शकतं, आणि दोन्ही बरोबर असतात.

तक्त्यावर 'टू फिट' किंवा 'बॉडी मेजरमेंट' असेल तर आकडे अंगाचे. 'गारमेंट' किंवा 'प्रॉडक्ट मेजरमेंट' असेल तर कपड्याचे. मथळाच नसेल तर रकाने बघा. फक्त छाती, कंबर, सीट दिलेली असेल तर बहुधा अंगाची मापं असतात. खांदा, बाही आणि उंचीही दिली असेल तर बहुधा कपड्याची. आणि छातीपुढं १९, २०, २१ असे आकडे दिसले तर ती छपाईची चूक नव्हे. कपडा सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजलेलं ते अर्धं माप असतं. त्याची दुप्पट करा.

किती लूज हवं याचा साधारण हिशेब असा: अंगासरशी कुर्ती असेल तर छातीत २ इंच, फॉर्मल शर्ट ४, सैल शर्ट ५ ते ६, स्वेटरवरून घालायचं जॅकेट ५ ते ६. होजिअरीचा टी-शर्ट ताणला जातो, म्हणून त्याला २ इंच पुरतात. तंग हवा असेल तर शून्यही चालतं. रेनकोटाला मात्र ८ इंच धरा. आपल्याकडचा पाऊस जूनपासून ठाण मांडून बसतो, रेनकोट रोजच्या कपड्यांवरून चढवायचा असतो, आणि पाठीवर बॅग असली तर तोच आधी काखेत फाटतो.

एस, एम, एल ही अक्षरं सगळ्यांनी पाळावीत असं प्रमाण आज बाजारात नाही. भारतीय शरीरांसाठी स्वतःचा तक्ता हवा म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं 'इंडियासाइज' नावाचं सर्वेक्षण हाती घेतलं, सहा शहरांत २५ हजारांवर लोकांची मापं घेण्यासाठी. दुकानांतल्या लेबलांवर मात्र अजून ज्याची त्याची मोजपट्टी चालते. कुर्त्यांमध्ये एस ३६, एम ३८, एल ४०, एक्सएल ४२, डबल एक्सएल ४४ ही चाल रूढ आहे. पण एक विक्रेता ३८ म्हणजे अंगाची छाती धरतो, दुसरा ३८ इंची शिवून मोकळा होतो. दुसऱ्याची सुती कुर्ती ३८ छातीच्या बाईला डोक्यातून घालताच येणार नाही. म्हणून अक्षर सोडा, इंच धरा.

माप घेताना

शिंप्यांचा ६० इंची फायबरग्लासचा टेप घ्या. घरात वर्षानुवर्षं पडून असलेला कापडी टेप ताणून लांबलेला असतो, आणि लांबलेला टेप माप कमी दाखवतो. शाळेच्या पट्टीवर ठेवून ३० सेंटिमीटर जुळतात का बघा. टोकाच्या पत्र्याजवळ टेप झिजला असेल तर १० च्या खुणेपासून मोजून १० वजा करा.

पातळ बनियन किंवा नेहमीची ब्रा एवढ्यावरच मापं घ्या. छाती सर्वांत भरलेल्या ठिकाणी मोजायची. टेप पाठीवर आडवा सरळ राहिला पाहिजे, आणि एकट्यानं मोजताना नेमका तिथंच तो खाली घसरतो, अन् आकडा चुकतो. आरशाला पाठ करून मान वळवून बघण्यापेक्षा घरातल्या कुणाला तरी हाक मारलेली बरी. टेपखाली एक बोट सरकेल एवढीच ढिलाई ठेवा. छाती फुगवू नका, पोट आत ओढू नका. साधा श्वास सोडा आणि वाचा.

कंबर दोन ठिकाणी असते. कुर्ती, ब्लाउज, ड्रेससाठी बेंबीच्या जरा वरची, बाजूला वाकलं की जिथं घडी पडते ती. पँटसाठी, जिथं तुम्ही पँट घालता ती. पोट असलेल्या माणसाच्या या दोन मापांत तीन-चार इंचांचा फरक सहज निघतो. रविवारच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यानंतर कंबर मोजायला बसू नका, सकाळी मोजा.

सीट म्हणजे नितंबांचा सर्वांत रुंद भाग, पाय जुळवून उभं राहून. खांदा मागून मोजायचा: एका खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मानेखालच्या मणक्यावरून दुसऱ्या टोकापर्यंत. बाही खांद्याच्या त्याच टोकापासून, कोपर किंचित वाकवून, मनगटाच्या हाडापर्यंत. हात सरळ ठेवून मोजली तर पूर्ण बाही अर्धा-पाऊण इंच आखूड पडते. कुर्तीची उंची मान आणि खांदा मिळतात तिथून खाली. मॉडेल ५ फूट ९ इंच असेल तर तिच्या गुडघ्याखाली येणारी ४६ इंची कुर्ती ५ फूट १ इंचाच्या बाईच्या पोटरीच्या पार खाली जाते. फोटो बघून उंची ठरवू नका, टेप खांद्यावरून सोडून बघा.

सर्वांत भरवशाचा उपाय: कपाटातला कपडा मोजा

जो शर्ट, जी कुर्ती, जी पँट अंगाला उत्तम बसते ती इस्त्री करून जमिनीवर पसरा. पलंगावर नको, गादीवर कापड खचतं. बटणं लावा. काखेच्या शिवणीखाली एक इंचावर आडवं मोजून दुप्पट करा: छाती. मग खांदा शिवणीपासून शिवणीपर्यंत, बाही, उंची, कमरेचा घेर, खालचा घेर. कॉलरवाला शर्ट असेल तर कॉलर उघडून बटणाच्या मध्यापासून काजाच्या टोकापर्यंत.

पँट पसरताना पुढचा पट्टा मागच्याच्या बरोबरीनं वर ओढून घ्या. पुढून पट्टा खाली असतो. तो तसाच ठेवून मोजलं तर कंबर चुकते. आसन म्हणजे पुढच्या पट्ट्यापासून पायांमधल्या चौकापर्यंतचं अंतर. तिथून मोरीपर्यंत, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडापर्यंत, आतली लांबी. मांडी चौकाच्या एक इंच खाली. जीन्स मागवताना लोक कंबर आणि लांबी बघतात आणि मांडी-आसन विसरतात. परत जाणाऱ्या जीन्स बऱ्याचदा तिथंच अडलेल्या असतात. शिवाय लेबलवर ३२ लिहिलेली जीन्स पट्ट्यावर ३४ किंवा त्याहून जास्त भरणं नित्याचं आहे. गिऱ्हाइकाला बारीक झाल्यासारखं वाटावं म्हणून आकडा लहान ठेवलेला असतो. तेव्हा जुन्या जीन्सच्या लेबलवर जाऊ नका, तिचा पट्टा मोजा.

हे आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा, इंच आणि सेंटिमीटर दोन्हीत. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर: ३६ चे ९१.४, ३८ चे ९६.५, ४० चे १०१.६, ४२ चे १०६.७, ४४ चे १११.८.

फॉर्मल शर्टाचा ४० आणि पैलवानाची गोची

पुरुषांच्या फॉर्मल शर्टावरचे ३८, ३९, ४०, ४२, ४४ हे आकडे बऱ्याच ब्रँडांत छातीचे इंच नसतात, कॉलरचे सेंटिमीटर असतात. ३८ म्हणजे १५ इंच गळा, ३९ म्हणजे साडेपंधरा जवळपास, ४० म्हणजे पावणेसोळा, ४२ म्हणजे साडेसोळा, ४४ म्हणजे सव्वासतरा. '३९' हा विचित्र आकडा दिसला की समजायचं, इथं कॉलर चालू आहे. कॅज्युअल शर्टावर मात्र तोच ४० छातीचा असू शकतो.

तालमीत घाम गाळणाऱ्यांची यात पंचाईत होते. समजा गळा १७ इंच, छाती ४४, कंबर ३५. गळा ४३ सेंटिमीटर, त्यात एका बोटाचा एक सेंटिमीटर मिळवला की ४४ नंबरचा शर्ट. त्याची छाती ४८ ते ४९ भरली तर काम झालं. पण त्याच शर्टाची कंबर ४६ च्या घरात असते, म्हणजे अकरा इंचांची झूल. स्लिम फिट घेतला तर कंबर सुधारते आणि दंडात बाही अडकते. उपाय एकच: गळा, खांदा आणि दंड यांना बसेल तोच शर्ट घ्यायचा, आणि पाठीवर दोन टक्स (कापड चिमटून घातलेल्या शिवणी) व दोन्ही बगलांच्या शिवणी आत घेऊन कंबर मारून घ्यायची. पँटलाही हाच नियम. मांडी-सीटला बसेल ती घ्या, कंबर नंतर आत घ्या. उलटं जमत नाही.

कारण तयार कपड्यांत आत माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जास्तीचं कापड, जवळजवळ नसते. ओव्हरलॉक करून जेमतेम सेंटिमीटरभर कापड सोडलेलं असतं. फॉर्मल पँटला मागच्या मधल्या शिवणीत इंच-दीड इंच माया सापडते, जीन्सला तीही नाही. कंबर कमी करणं, बाही-उंची आखूड करणं, मोरी बारीक करणं हे कुठलाही अल्टरवाला करून देतो. खांदा उतरलेला असेल किंवा मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) तंग असेल तर तो कपडा परत पाठवा; तिथं दुरुस्ती म्हणजे नव्यानं शिवणंच.

याला अपवाद तयार ब्लाउजचा. साडीवरचे बरेच तयार ब्लाउज '३८, ४२ पर्यंत वाढवता येतो' असं लिहून येतात, आणि बगलेत खरंच तेवढी माया असते. पण वाढते ती छाती. मुंढा आणि बाहीचा घेर तेवढाच राहतो. दंड भरलेला असेल तर बाहीचा घेर आधी विचारा.

परदेशी नंबर

बायकांच्या ड्रेससाठी: अमेरिकेचा ८ म्हणजे ब्रिटनचा १२, जर्मनीचा ३८, फ्रान्सचा ४०, इटलीचा ४४. पुढं-मागं दोन-दोननं सरकत जा. लेबलवर नुसतं 'ईयू ४०' असेल तर ते जर्मन की फ्रेंच हे कळत नाही, आणि तेवढ्यानं एक साइझ चुकते. अशा वेळी सेंटिमीटरच बघा. पुरुषांच्या कोटाला अमेरिकी-ब्रिटिश आकडा छातीच्या इंचांचा, युरोपीय त्यात दहा मिळवून: ४० चा ५०.

चिनी लेबलवर १७०/९२ए असं दिसतं. हे खरं तर सर्वांत प्रामाणिक लेबल: १७० सेंटिमीटर उंची, ९२ सेंटिमीटर छाती, आणि अक्षर छाती-कमरेतल्या फरकाचं. वाय म्हणजे फरक मोठा, ए मध्यम, बी त्याहून कमी, सी सर्वांत कमी. तिकडचा एक्सएल आपल्या एम-एलइतकाच निघतो, तेव्हा अक्षराकडं बघूच नका.

ब्रामध्ये युरोपचा ७५ म्हणजे छातीखालचा घेर ७३ ते ७७ सेंटिमीटर. आपल्याकडं तोच ३४ म्हणून येतो. ७० चा ३२, ८० चा ३६. पट्टा वर चढत असेल तर घेर एक नंबर कमी आणि कप एक अक्षर जास्त: ३६बी ऐवजी ३४सी. अंतर्वस्त्रं बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत, म्हणून इथं मापाला दुप्पट वेळ द्या.

मुलांसाठी वय बघून मागवू नका. युरोपीय लेबलांवर मुलाची उंचीच सेंटिमीटरमध्ये असते: १०४, ११०, ११६. भिंतीला उभं करून मोजा आणि वरचा नंबर घ्या.

कापड काय करतं

सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं. ४६ इंची कुर्तीचे दीड-दोन इंच गेले. रेयॉन तर आणखी दगा देतं. 'प्री-श्रंक' (आधीच आटवलेलं) लिहिलं नसेल तर तेवढी उंची जास्त धरा. दोन टक्के इलास्टेन (ताणला जाणारा धागा) असलेली जीन्स पहिल्या दिवशी आवळते आणि आठवड्यात सैलावते, म्हणून ती घालताना जरा तंगच असू द्या. शंभर टक्के सुती, जाड जीन्सला हा हिशेब लावू नका.

पाय आणि चप्पल

भारतातले पायताणाचे नंबर ब्रिटिश: पुरुषांचा ८ म्हणजे युरोपचा ४२, अमेरिकेचा ९. ब्रिटिश नंबर एक-तृतीयांश इंचानं, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरनं वाढतो, युरोपीय पावणेसातच्या आसपास. पायऱ्या वेगळ्या म्हणून नंबर कधीच तंतोतंत जुळत नाहीत, ४० कुठं ६ होतो तर कुठं साडेसहा. संध्याकाळी, भिंतीला टाच लावून, कागदावर पूर्ण वजन टाकून उभं राहा. सर्वांत लांब बोटापुढं खूण करा. दोन्ही पाय मोजा, मोठा धरा.

कोल्हापुरी बाहेरगावच्या भावाला किंवा मेव्हण्याला ऑनलाइन पाठवत असाल तर त्याच्याकडून हीच लांबी सेंटिमीटरमध्ये मागवा, बुटाचा नंबर नको. बुटात बोटांपुढं जागा सोडलेली असते, चपलेत ती लागत नाही. कातडी पट्टा आणि अंगठा वापरून सैलावतात, त्यामुळं नवीन असताना रुंदीला आवळलेली चालते; तळ मात्र लांबत नाही, टाच बाहेर आली तर ती बाहेरच राहणार.

पार्सल आलं की त्याच दिवशी, टॅग न काढता, स्वच्छ फरशीवर घालून बघा. हात डोक्यावर न्या, पुढं जोडा, खाली बसा, जिना चढा. शर्टाची बटणं छातीवर फाकली, पाठ ताणली किंवा पँट बसताना मागून खाली ओढली, तर वरचा नंबर मागवा, आणि परतीच्या कारणात 'आवडलं नाही' न लिहिता कुठं किती इंच कमी पडलं ते लिहा.