नवे अलॉय, जुने बोल्ट

माझी पोलो जीटी टीएसआय. हौसेने बाहेरचे अलॉय व्हील बसवले. दुकानदाराने कंपनीचेच बोल्ट परत आवळून दिले. आठवड्याभरात साताऱ्याकडे जाताना खंबाटकी उतरलो आणि पुढून टकटक ऐकू यायला लागली. गाडी बाजूला घेऊन पाना लावला, तर तीन बोल्ट सहज फिरले. पोटात गोळाच आला.

घरी बोल्ट काढून भोकात टॉर्च मारला. रंगावर केसाएवढी चकचकीत रेघ, बाकी रंग शाबूत. म्हणजे बोल्ट तेवढ्याच रेघेवर टेकत होता! कंपनीच्या बोल्टची बैठक, म्हणजे चाकावर टेकणारा भाग, गोल, या अलॉयची 60 अंशांची निमुळती. नुसते आटे जुळून भागत नाही.

एम14 (14 मिमी जाडीचे), 1.5 पिचचे (एका फेऱ्यात 1.5 मिमी आत जाणारे), निमुळत्या बैठकीचे बोल्ट आणले. लांबीसाठी हाताने फिरवत फेरे मोजले: दहा. म्हणजे 15 मिमी पकड, 14 मिमीच्या बोल्टला पुरेशी. आटे कोरडेच ठेवून, समोरासमोरचे आवळत, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) 120 न्यूटन-मीटर. 80 किमीनंतर पुन्हा तपासले, एकही हलला नव्हता.

जुने पाच बोल्ट मात्र डिकीत ठेवलेत. स्टेपनीची लोखंडी डिस्क गोल बैठकीचीच आहे.