वजनाचा काटा अडला, तेव्हा मी टेप काढला

अंबाजोगाईत माझं ब्लाउज-ड्रेस शिलाईचं दुकान आहे. २२ वर्षं मशीनवर बसून वजन ७८ किलोवर गेलं होतं, उंची ५ फूट १ इंच. दोन वर्षांमागच्या दिवाळीनंतर रोज सकाळी तासभर चालायला लागले, चहातली साखर सोडली आणि जूनपर्यंत ६९.५ वर आले. मग काटा तिथंच बसला. जून गेला, जुलै गेला, नागपंचमी आली. ११ आठवडे ६९ आणि ७० च्या मध्येच. घाबरून मी तासाचं चालणं दीड तास केलं, रात्रीची भाकरी बंद केली. काटा हलला नाहीच, उलट सांच्याला कात्री धरायला हातात जोर राहिना.

अशा वेळी आपण बाया एक तर सगळं सोडून देतो, नाहीतर खाणं आणखी तोडतो. दोन्ही करू नका. माझी लेक लातूरला बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी करते. ती सुट्टीत आली आणि म्हणाली, "आई, तू रोज तोच रस्ता, तेवढाच वेळ चालतेस. शरीराला आता त्यात काही कष्ट राहिलेच नाहीत." तिनं सांगितलेलं आणि मी पुढं १८ आठवडे करून पाहिलेलं इथं लिहिते.

खरंच अडलंय का, ते आधी मोजा

एका दिवसाच्या वजनावर विश्वास ठेवू नका. पाळी जवळ आली, रात्री पापड-लोणचं जास्त झालं, पोट साफ झालं नाही, की एक-दीड किलो इकडंतिकडं होतं. रोज सकाळी, शौचाहून आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी काढा. चार आठवडे सरासरी जागची हलली नाही आणि कंबरही हलली नाही, तरच वजन अडलं म्हणा.

कंबर मोजण्याबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या, कारण रोज तेच काम करते. बाया घरी पोटाचं माप घेतात तेव्हा टेप परकराच्या नाडीच्या जागी लावतात. वर्षानुवर्षं नाडी एकाच जागी बांधून तिथं खाच पडलेली असते, तिथं माप कमी येतं आणि फरकही लवकर कळत नाही. बरगडीचं शेवटचं हाड बोटानं चाचपा, खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपा, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनानं ठिपका द्या. टेप त्या ठिपक्यावरून फिरवा आणि पाठीमागं तो खाली उतरलेला नाही ना, ते आरशात बघा. श्वास सहज बाहेर सोडा. पोट आत ओढू नका, टेप अंगात रुतवू नका. आणि टेप जुना असेल तर लोखंडी पट्टीला लावून एकदा तपासा. कापडी टेप वापरून ताणतो. माझ्या दुकानातला एक पाऊण इंच लांबला होता, आणि त्यावर मी कितीतरी गिऱ्हाइकांची मापं घेतली होती.

आपल्याकडं बायांची कंबर ८० सेंटिमीटर म्हणजे साडेएकतीस इंच आणि पुरुषांची ९० सेंटिमीटर म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत असावी, असं मानतात. माझी सव्वाछत्तीस होती.

कमरेबरोबर बाहीघेरही घ्या, म्हणजे दंडाचं माप. हे कुणी सांगत नाही, पण माझे डोळे त्यानंच उघडले. मापवहीत माझीही मापं लिहिलेली असतात. त्या ११ आठवड्यांत कंबर पाव इंचही उतरली नव्हती आणि बाहीघेर मात्र अर्ध्या इंचानं कमी झाला होता. पोट जागेवर आणि हात वाळलेला. हाताला जोर का राहिना, ते मला तेव्हा कळलं. नुसतं चालून आणि कमी खाऊन वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात.

चालणं कमी का पडतं

सपाट रस्त्यावर एक किलोमीटर चालायला, बसून राहण्यापेक्षा जास्तीची म्हणून, वजनाच्या दर किलोमागं साधारण अर्धी कॅलरी लागते. ७८ किलोच्या मला ५ किलोमीटरला १९५ लागायच्या, ६९.५ झाल्यावर त्याच रस्त्याला १७४. शिवाय नुसतं जगायला, श्वासाला आणि हृदयाला लागणारी ऊर्जा साडेआठ किलो उतरल्यावर दिवसाला ८५ च्या आसपास कमी होते. त्यात कमी खाल्लं की शरीर आणखी काटकसर करतं आणि आपणही नकळत कमी हलतो. सगळं मिळून दिवसाला दीड-दोनशेचा फरक पडतो. म्हणजे किती? भाकरीवरच्या चटणीत ओतलेलं मोठा चमचाभर तेल १२० कॅलरीचं, मूठभर शेंगदाणे १७० चे. काटा अडायला एवढं पुरतं.

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती. मार्चमध्ये लग्नसराईच्या तोंडावर मी मशीनला मोटर बसवली. त्याआधी दिवसाचे पाच-सहा तास पाय पायडलवर चालायचे. मोटर आली, काम दुप्पट झालं आणि पाय थांबले. सकाळी तासभर चालले म्हणून मी समाधानी होते, उरलेला दिवस कुठं गेला ते पाहिलंच नाही.

पाण्याचे कॅन

आता मुख्य काम. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक-एक दिवस मोकळा सोडून, ४० मिनिटं वजनाचा व्यायाम. यासाठी जिम लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्याकडंही टँकरच्या रांगा होत्या. त्या वेळी घेतलेले २० लिटरचे दोन कॅन मी टाकले नव्हते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळं कॅनसारखं सोयीचं वजन नाही. लिटरच्या खुणा मार्करनं करून ठेवल्या की दर आठवड्याला थोडं-थोडं वाढवता येतं. अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये पाणी हिंदकळतं, पकड घट्ट ठेवा आणि झाकण तपासा.

पहिली, खुर्चीची बैठक. हात न टेकता, तीन आकडे मोजत सावकाश खाली, खुर्चीला जेमतेम टेकून वर. गुडघे पावलांच्या दिशेनंच राहू द्या, आत वळू देऊ नका. आठ-आठच्या तीन फेऱ्या. सलग बारा सहज जमायला लागल्या की तेलाचा ५ लिटरचा कॅन पाण्यानं भरून छातीशी धरा.

दुसरे दंड. जमिनीवर एकही निघत नसेल तर भिंतीवर हात टेकून काढा, मग स्वयंपाकाच्या ओट्यावर, मग खाटेच्या काठावर. हात जितके खाली तितका दंड जड. मला भिंतीवरून खाटेपर्यंत यायला दहा आठवडे लागले. जमिनीवर अजून तीनच निघतात.

तिसरा प्रकार कमरेतून वाकून कॅन उचलण्याचा, आणि हा शिकायला वेळ द्या, कारण इथं चूक झाली तर पाठ धरते. आधी कॅनशिवाय. भिंतीकडं पाठ करून वीतभर पुढं उभं राहा, गुडघे किंचित सैल. आता ढुंगण मागं नेऊन भिंतीला टेकवा, पाठ फळीसारखी सरळ. मांड्यांच्या मागं ताण आला की बरोबर. ताण पाठीत आला तर तुम्ही कमरेतून वाकलाच नाहीत, पाठीतून वाकलात. आठवडाभर एवढंच करा. मग पायांमध्ये ८ लिटरचा कॅन ठेवून दोन्ही हातांनी उचला, दहा वेळा, तीन फेऱ्या.

चौथा, एक हात खाटेवर टेकून दुसऱ्या हातानं कॅन कमरेकडं ओढायचा. पाचवा, दोन्ही हातांत कॅन घेऊन अंगणात ताठ चालायचं, ४० पावलं जा-ये, चार वेळा. माझ्या सासूबाई आडावरून डोक्यावर एक आणि कमरेवर एक घागर घेऊन यायच्या, सत्तरीतही त्यांची पाठ वाकली नव्हती. नळ आला हे फार चांगलं झालं, पण ते ओझं गेल्यावर त्या जागी आपण काही ठेवलं नाही.

वजन किती घ्यावं? थांबताना "अजून दोन-तीन निघाले असते" असं वाटलं पाहिजे. अजून दहा निघाले असते तर पाणी वाढवा. एकही निघाला नसता तर कमी करा. दोन फेऱ्यांमध्ये दीड-दोन मिनिटं बसा, घाई करू नका. आणि लिहून ठेवा. माझ्या मापवहीच्या शेवटच्या पानावर असं लिहिलेलं सापडेल: "बुध. उचलणं ११ लि. १०-१०-९. ओढणं ६ लि. ८-८-८. डावा हात कमजोर." पुढच्या बुधवारी त्यापेक्षा एक लिटर किंवा एक खेप जास्त. रोज तेवढंच करत राहिलात तर दोन महिन्यांत हाही व्यायाम चालण्यासारखाच सोपा होऊन बसेल.

पहिल्या दोन आठवड्यांत माझं वजन ७०० ग्रॅमनं वाढलं. रडू आलं. लेकीनं फोनवर समजावलं की नवा ताण पडला की स्नायूंमध्ये पाणी धरलं जातं, ही चरबी नव्हे. तिसऱ्या आठवड्यात ते उतरलं. तुम्हालाही असं झालं तर सोडू नका.

चढ

मंगळवारी आणि शनिवारी मी सपाट रस्ता सोडून मुकुंदराजांच्या समाधीकडच्या चढावर जाते. दोन मिनिटं जोरात चढ, तीन मिनिटं सावकाश उतार, अशा चार फेऱ्यांपासून सुरुवात केली, आता आठ होतात. जोरात म्हणजे किती, ते बोलण्यावरून ओळखा: सोबतच्या बाईशी तुम्हाला दोन-तीन शब्दांच्या पुढं बोलता येऊ नये, आणि उतरताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. परभणीसारख्या सपाट गावात घराचा जिना चालेल, नाहीतर पुलाचा चढ. मार्च संपला की सूर्य वर यायच्या आत परत या, आपल्याकडच्या उन्हाशी खेळू नये. बाकीचे दिवस नेहमीचं चालणं. ते सोडायचं नाही, तब्येतीला ते हवंच.

बसून जाणारा दिवस

मोटर मी काढली नाही, पोट त्यावर आहे. पण इस्त्रीचं टेबल मशीनजवळून उचलून दुकानाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. एका ब्लाउजला चार-पाच वेळा शिवण दाबावी लागते, तेवढ्या वेळा उठणं झालं. कटिंग उभ्यानं, हूक-काजही उभ्यानं. फोनवर दुकानातली पावलं ४,२०० च्या आसपास असायची, ती साडेसात हजारांवर गेली, तीही दुकानाच्या बाहेर न पडता.

खाण्यात मी रात्रीची भाकरी परत आणली आणि तेल मोजलं. एवढं केलं तरी दिवसाला प्रोटीन कमी पडत होतं. स्नायू टिकवायचे तर वजनाच्या दर किलोमागं निदान १.२ ग्रॅम हवं, म्हणजे मला ८० च्या जवळपास. दोन अंडी, घट्ट वरण, मुगाची उसळ, वाटीभर दही, आणि ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, ज्यात एकट्या २५ ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. अंडी खात नसाल तर वड्या आणि दही वाढवा.

सुरू करण्याआधी मी थायरॉइड आणि साखर तपासून घेतली, दोन्ही ठीक निघाल्या. तुम्हीही घ्या. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायाम वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगाच, कारण साखर एकदम खाली जाऊ शकते. बीपीचा त्रास असेल तर वजन उचलताना श्वास कोंडून धरू नका. छातीत दुखलं, चक्कर आली, की तिथंच थांबून दवाखाना गाठायचा. गुडघे धरले तर बैठकीची खुर्ची उंच घ्या, खाली उशी ठेवा.

नवरात्रात माझं सगळं विस्कटलं. योगेश्वरी देवीचा उत्सव, रात्री दोनपर्यंत ऑर्डरी, झोप चार तास. दोन आठवडे मी आठवड्याला एकच दिवस आणि प्रत्येक प्रकाराची एकच फेरी केली, पण पाणी कमी केलं नाही. वजन किलोभर चढलं. दसऱ्यानंतर झोप पूर्ववत झाली आणि ते दहा-बारा दिवसांत परत गेलं. ज्यांना लग्नसराई, परीक्षा, सुगी अशी कामं असतात त्यांनी हेच करावं: फेऱ्या तोडा, कॅनचं वजन तोडू नका.

१८ आठवडे येळवसेच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येच्या, आठवड्यात पूर्ण झाले. वजन ६५.८, कंबर तेहतीस. माहेर रेणापूरकडचं, शेतात जेवायला जायचं होतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी शिवलेला हिरवा ब्लाउज काढला. कमरेला दोन्ही बाजूंनी टीप मारून आत घेतला. आणि बाहीची शिवण उसवून पाव इंच मोकळी करावी लागली.