केबल सोडून ओटीटीवर जाताना: आधी वही, मग रिचार्ज

केबल किंवा डिश बंद करून सगळं इंटरनेटवर बघायचं ठरलं, की बहुतेक घरांत खर्च कमी होण्याऐवजी वाढतो. कारण नवं सुरू होतं आणि जुनं बंद होत नाही. केबलवाल्याचे पैसे चालू, त्यात ब्रॉडबँड, त्यात तीन ॲप. हे टाळायचं असेल तर कामाचा क्रम नीट लावावा लागतो, आणि त्याची सुरुवात ॲप डाउनलोड करण्यापासून होत नाही.

पहिला आठवडा फक्त नोंद करा. घरात कोण, कुठल्या वेळी, काय बघतं ते वहीत लिहा. चॅनलचं नाव नको, कार्यक्रमाचं नाव लिहा. दीडदोनशे चॅनलचे पैसे भरणाऱ्या घरात प्रत्यक्षात सहा-सात गोष्टीच बघितल्या जातात, हे आठवड्यातच लक्षात येतं.

मग प्रत्येक नावासमोर ते इंटरनेटवर कुठे मिळतं ते लिहा. मराठी मालिकांचं गणित सोपं आहे, कारण वाहिन्यांच्या मालकांनीच ॲप काढली आहेत. झी मराठीच्या मालिका झी५ वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एकेकाळी एकमेकांचे स्पर्धक होते. रिलायन्स आणि डिस्ने यांचं विलीनीकरण नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्ण झालं आणि दोन्ही वाहिन्या एका कंपनीकडे गेल्या. फेब्रुवारी २०२५ पासून त्या दोघींसाठी जिओहॉटस्टार हे एकच ॲप पुरतं. मराठी बातम्यांना पैसे मोजायची गरजच नाही. एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, झी २४ तास हे सगळे यूट्यूबवर थेट आणि फुकट दिसतात. सह्याद्री हवी असेल तर प्रसार भारतीचं वेव्हज ॲप आहे, जे नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या वेळी सुरू झालं.

मालिका दाखवणारी कंपनी तीच राहिली आहे. ती आता केबलवाल्याला मधून काढून थेट तुमच्याकडून पैसे घेते. त्यामुळे ‘टीव्ही की ओटीटी’ असा प्रश्न घालून उपयोग नाही. तीच मालिका कुठल्या दाराने स्वस्त पडते, एवढंच बघायचं.

आता हिशोब. केबल-डिशच्या बिलात तीन भाग असतात: जोडणीचं मासिक शुल्क, सशुल्क चॅनलची किंमत आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. जोडणी शुल्कावर ट्राय या सरकारी नियामकाने १३० रुपयांची मर्यादा घातली होती. जुलै २०२४ मध्ये ती काढली गेली. म्हणून जुन्या आकड्यावर विसंबू नका, चालू बिल किंवा ॲपमधला तपशील समोर ठेवा. दुसऱ्या बाजूला ब्रॉडबँडची जाहिरातीतली किंमत बहुधा जीएसटीशिवाय असते. ५९९ रुपयांचा प्लॅन हातात पडतो ७०६ रुपये ८२ पैशांना. ब्रॉडबँड घरात आधीपासून असेल तर तो खर्च ओटीटीच्या नावावर टाकू नका. फक्त टीव्हीसाठी घेणार असाल तर पूर्ण टाका, आणि अशा वेळी अनेकदा केबलच स्वस्त निघते.

ब्रॉडबँडसोबत ‘फुकट’ मिळणाऱ्या ॲपबाबत सावध राहा. पॅकमध्ये कित्येकदा त्या ॲपचा फक्त मोबाईलपुरता प्लॅन असतो. तो फोनवर चालतो, टीव्हीवर लॉगिन केलं की नकार देतो. घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: टीव्हीवर चालेल का, आणि एका वेळी किती पडद्यांवर? भावाच्या किंवा मुलीच्या खात्यावर भिस्त ठेवायचा काळही सरत चालला आहे. नेटफ्लिक्सने भारतात जुलै २०२३ पासून एक खातं एका घरापुरतं मर्यादित केलं.

वेग किती लागतो? एचडीला दर टीव्हीमागे ५ एमबीपीएस आणि फोर-केला १५ एमबीपीएस स्थिर मिळाले तरी पुरतं. म्हणजे साध्या घराला ४०-५० एमबीपीएसचा प्लॅन भरपूर झाला. डेटा मात्र मोजा. एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत खातं. रोज चार तास टीव्ही चालला तर महिन्याला ३६० जीबी. रोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवणं का जमत नाही, ते इथेच कळतं: तासाभराच्या आतच संपतो.

टीव्ही जुना असेल तर नवा घेऊ नका. सात-आठ वर्षांपूर्वीच्या स्मार्ट टीव्हीचा पडदा ठणठणीत असतो, फक्त त्याच्या आतल्या प्रणालीला नव्या ॲपचा आधार मिळत नाही. एचडीएमआय पोर्टला लागणारी, ॲप चालवणारी चांगल्या कंपनीची स्टिक घेतली की काम भागतं. बाजारातले अगदी स्वस्त, नाव नसलेले अँड्रॉइड बॉक्स टाळा. त्यांना बहुधा वाइडव्हाइन एल१ हे कॉपी-संरक्षणाचं प्रमाणपत्र नसतं. मग पैसे एचडीचे भरूनही चित्र एसडीच येतं, आणि लोक उगाच इंटरनेटवाल्याशी भांडत बसतात. स्टिकला वीज तिच्या सोबतच्या अडॅप्टरनेच द्या. टीव्हीच्या मागच्या यूएसबी पोर्टमधून अनेकदा अर्धा अँपिअरच मिळतो. स्टिक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत राहिली तर आधी हेच तपासा.

चित्र अडकतं आणि मध्ये गोल फिरत राहतं, याचं कारण पुष्कळदा घरातच असतं. राऊटर दारापाशी, टीव्ही दोन भिंतींपलीकडे. टीव्हीजवळ फोन धरून वेग मोजा, राऊटरपाशी नव्हे. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान, पण भिंतीपुढे हतबल. भिंत मध्ये असेल तर २.४ गिगाहर्ट्झ जोडून बघा. टीव्हीला लॅन पोर्ट असेल तर सरळ वायर टाका. हा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ आहे.

वीज गेली की राऊटर जातो. लोडशेडिंगच्या गावात राऊटरसाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे थेट राऊटरला जोडायची बॅटरी, घ्या. त्याआधी राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा, बहुतेक राऊटर १२ व्होल्टचे असतात. पावसाची गोष्ट उलटी आहे. मुसळधार सरीत डिशचा सिग्नल जातो, फायबरवर त्या सरीचा परिणाम होत नाही. जुलैतल्या कोकणात हा फरक मोठा आहे.

क्रिकेटचा विचार वेगळा करा. ॲपवरचा थेट सामना डिशपेक्षा मागे चालतो, कधी अर्धा मिनिटही. चित्र छोट्या तुकड्यांत पाठवलं जातं आणि ॲप काही तुकडे आधी साठवून मग दाखवतं, म्हणून. शेजारच्या घरातला आरडाओरडा आधी आणि षटकार नंतर, हे ज्यांना सहन होत नाही त्यांनी छतावर दूरदर्शनची मोफत डिश, म्हणजे डीडी फ्री डिश, बसवावी. एकदाच साधारण दोन हजार रुपये, मासिक भाडं शून्य. २००७ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शनला द्यावं लागतं, आणि ते फ्री डिशवर दिसतं. आयपीएल त्यात येत नाही, तेवढं ध्यानात ठेवा. उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. महाराष्ट्रातून छत्री आग्नेयेकडे वळवावी लागते. त्या दिशेला झाड किंवा उंच इमारत असेल तर आधी जागा बदला. बॉक्स एमपीईजी-४ या नव्या चित्रपद्धतीचाच घ्या, जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर सगळी चॅनल येत नाहीत. खासगी वाहिन्यांची यादी लिलावानुसार बदलते, त्यामुळे आवडती मराठी वाहिनी तिथे कायम असेल असं धरून चालू नका.

आजी-आजोबांच्या खोलीतला टीव्ही शेवटी बदला. बटण दाबलं की चॅनल लागतं, ही सोय ॲपमध्ये नाही. प्रोफाइल विचारतं, अपडेटनंतर पडद्याची मांडणी बदलते. त्यांच्यासाठी फ्री डिश किंवा केबलचा छोटा पॅक ठेवणं यात कमीपणा नाही. खर्च वाचवायला त्यांची संध्याकाळ अवघड करू नये.

एक महिना दोन्ही सोबत चालवा आणि वहीतली प्रत्येक गोष्ट खरंच सापडते का ते बघा. ॲपचा प्लॅन या महिन्यात मासिकच घ्या, वार्षिक सवलतीला भुलू नका. मग जुनं बंद करा. डिशला पुढचा रिचार्ज करायचा नाही, एवढं पुरतं. केबलवाल्याला मात्र स्पष्ट सांगा आणि लेखी किंवा मेसेजवर ठेवा, नाहीतर थकबाकी चढत राहते. बॉक्स डिपॉझिटवर असेल तर पावती दाखवून पैसे परत मागा.

ॲपचे पैसे आपोआप कापले जाण्याची सोय तुम्ही नकळत चालू केलेली असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशा कपातीआधी किमान २४ तास सूचना येते, ती वाचा. बंद करायचं असेल तर नुसतं ॲप काढून टाकून भागत नाही. खात्यात जाऊन सदस्यत्व रद्द करा, आणि मग यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत ते नाव उरलं नाही ना, ते तपासा.