पहिली हिवाळी ट्रायथलॉन: आधी बोटं सांभाळा

पहिल्या वर्षी माझी ट्रायथलॉन, म्हणजे सलग तीन खेळांची शर्यत, एका गाठीपाशी अडली. गोठलेल्या कालव्यावरचं आठ किलोमीटर स्केटिंग संपवून मी बाकावर बसले, आता स्केट काढायचे आणि स्कीचे बूट चढवायचे. लेसची गाठ बर्फाने आधी ओली झाली होती, मग गोठून खडा झाली होती. माझी बोटंही त्याच अवस्थेत. पाच-सहा मिनिटं मी नुसती त्या गाठीशी झटत होते आणि मागून आलेले वीसेक लोक पुढे निघून गेले. शेवटी एका स्वयंसेवक आजींनी आपल्या थर्मासमधला गरम चहा सरळ गाठीवर ओतला. गाठ सुटली.

हे सांगण्याचं कारण, हौशी माणसाची हिवाळी ट्रायथलॉन दमामुळे फारशी बिघडत नाही. ती बिघडते बोटांमुळे. लेस, बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड), पोलचा म्हणजे स्कीच्या काठीचा पट्टा, सायकलची चेन, पाण्याच्या बाटलीचं झाकण ही सगळी कामं बोटांची. म्हणून खालची तयारी मी बोटं धरूनच लिहिली आहे.

शर्यत कोणती, ते आधी बघा

वर्ल्ड ट्रायथलॉन या संघटनेची हिवाळी जागतिक स्पर्धा १९९७ पासून होते. तिच्यात क्रम असतो धावणं, माउंटन बाइक आणि क्रॉस-कंट्री स्कीइंग (चढउताराच्या वाटेवर स्कीने चालत जाणं), तिन्ही बर्फावर. कॅनडात ओटावाला, जिथे मी राहते, तिथे सायकलीच्या जागी स्केटिंग आहे: आधी स्केटिंग, मग स्की, शेवटी धावणं. इथला रीडो कालवा गोठला की ७.८ किलोमीटरची स्केटिंगची वाट तयार होते, त्यामुळे हा क्रम आपोआपच जमला असावा. मी या दुसऱ्या प्रकाराबद्दल लिहितेय. आमच्याकडे साधारण ८ किलोमीटर स्केटिंग, ५ स्की आणि ५ धावणं असा हिशोब असतो, पण बर्फ बघून अंतर बदलतं. नवशिक्याला यात दोन तासांच्या आसपास लागतात.

नाव नोंदवताना एक गोष्ट विचारून घ्या: बर्फ झालाच नाही तर काय? हा प्रश्न काल्पनिक नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात रीडो कालवा स्केटिंगसाठी उघडलाच नाही, १९७० च्या सुमाराला ही वाट सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. तिथे बर्फ जवळजवळ ३० सेंटिमीटर जाड असल्याशिवाय लोकांना सोडत नाहीत. अशा वर्षी स्केटिंग गाळून दोनच टप्पे ठेवणार, की पैसे परत, ते आधी माहीत असलेलं बरं.

आठ आठवडे आधी: स्केटिंग

यात सगळ्यात जास्त वेळ घाला, कारण बाकी दोन गोष्टी वाईट जमल्या तरी माणूस पोचतो. स्केटवर मात्र पडत-झडत आठ किलोमीटर जाता येत नाही.

आधी पडायला शिका. गुडघे वाकवून, अंग बाजूला टाकून, मांडीवर पडायचं. हात मागे टेकलात तर मनगट जातं. पुण्यात लहानपणी रोलर स्केटिंग केलेल्यांना एक फायदा असतो: पावलाच्या कडेवर वजन टाकणं आणि पाय ढकलणं त्यांना लवकर जमतं. थांबणं मात्र नव्याने शिकावं लागतं. बर्फावर पावलं आडवी करून घासत थांबतात, आणि हे मोकळ्या रिंकवरच, म्हणजे स्केटिंगच्या मैदानावरच शिका, गर्दीत नको.

रिंकवर चकचकीत काचेसारखा बर्फ असतो, कालव्यावर नसतो. तिथे लांबच लांब भेगा पडतात, बहुधा जाण्याच्या दिशेनेच, आणि पात्याचं टोक त्यात अडकलं की माणूस तोंडावर जातो. नजर पायाशी ठेवू नका, तीन-चार मीटर पुढे ठेवा. भेग दिसली की ती तिरकी ओलांडायची.

आता माझ्या गाठीवरचा उपाय. नॉर्डिक स्केट म्हणून एक प्रकार मिळतो: लांब पातं, वर बाइंडिंग, आणि त्यात क्रॉस-कंट्री स्कीचाच बूट अडकवायचा. म्हणजे एकच बूट दोन्ही टप्प्यांना. स्केट निघाला, स्की चढली, लेसला हात लावायचाच नाही. लांब पातं भेगांवरूनही बरं जातं. विकत घेण्याआधी तुमच्या बुटाचं बाइंडिंग जुळतं का ते दुकानात लावून बघा, सगळी बाइंडिंगं सगळ्या बुटांना बसत नाहीत. माझ्या दुसऱ्या शर्यतीत या एका खरेदीने जेवढा वेळ वाचवला तेवढा दोन महिन्यांच्या सरावाने वाचवला नाही.

स्की

क्लासिक पद्धत घ्या. यंत्राने बर्फात दोन समांतर रूळ कोरलेले असतात, स्की त्यात ठेवायची आणि चालायचं, बस. चालण्याच्या प्रत्येक पावलाला पूर्ण वजन एकाच स्कीवर जायला हवं. दोन्ही पायांवर अर्धं-अर्धं वजन ठेवणारा माणूस घसरत राहतो आणि स्कीला दोष देतो. खालच्या बाजूला खवल्यांसारखी नक्षी असलेली स्की भाड्याने घ्या, म्हणजे मेण लावायची कटकट नाही. पोल बगलेपर्यंत उंच असावेत. पट्ट्यात हात वरून घालू नका. खालून वर घाला आणि मग पट्टा व मूठ एकत्र धरा, म्हणजे जोर मनगटावर येतो आणि बोटं ढिली राहतात. ढिल्या बोटांत रक्त फिरतं.

चढावर स्की उलट्या व्ही सारख्या फाकवून चढायचं, उतारावर टोकं आत आणून वेग कमी करायचा. उतारावर भीती वाटली तर बाजूला होऊन स्की काढून चालत उतरा, कुणी हसत नाही.

आणि एक बारीक गोष्ट. बूट बाइंडिंगमध्ये बसत नसेल तर जोर लावत बसू नका. बुटाच्या टोकाखाली बर्फाचा गोळा चिकटलेला असतो. पोलच्या टोकाने खरवडून काढा, मग टक्कन आवाज येतो. हा आवाज आल्याशिवाय निघायचं नाही.

भारतातून येणाऱ्यांसाठी: गुलमर्गला क्रॉस-कंट्री स्की करता येते, खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा तिथे २०२० पासून होतात. लेहमध्ये हिवाळ्यात तळी गोठली की स्केटिंग चालतं. पण तिथल्या उंचीवर पहिले दोन दिवस काहीही करू नका, नुसते बसा.

धावण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ट्रेलचे (खडबडीत वाटेवर पळायचे) बूट, पावलं आखूड, पाय शरीराच्या खाली. बर्फ कडक असेल तर खिळ्यांची रबरी जाळी बुटावर चढवा. आठवड्यातून एकदा स्की संपली की लगेच दहा मिनिटं पळा, कारण स्कीनंतर पाय काही वेळ दुसऱ्याचे असल्यासारखे वागतात.

कपडे

उभं असताना थोडी थंडी वाजली पाहिजे. सुरुवातीलाच उबदार वाटत असेल तर दहा मिनिटांत घाम येणार, आणि ओला कपडा वाऱ्यात माणसाला गारठवतो. सुती काहीही नको, बनियनसुद्धा नाही. अंगाला पॉलिएस्टर किंवा मेरिनो लोकर, वर पातळ थर, आणि पुढून वारा अडवणारं जाकीट. पुरुषांनी वारा अडवणारी अंतर्वस्त्रं घालावीत. एवढंच सांगते, ज्यांना अनुभव आहे त्यांना कळलं.

चांदी-सोनं घरी ठेवा. कानातलं आणि नाकातली चमकी थंडीत कातडीला चावते.

बोटं सुटी असलेल्या हातमोज्यांपेक्षा एकत्र असलेले हातमोजे गरम. आत पातळ हातमोजे घाला, म्हणजे बाइंडिंग लावताना वरचे काढले तरी कातडी उघडी पडत नाही. हात गरम करणाऱ्या छोट्या पुड्या मिळतात, त्यात लोखंडाची पूड असते आणि हवा लागल्यावर ती तापते. म्हणून सुरुवातीच्या पंधरा मिनिटं आधी फोडा, ऐन वेळी नाही.

हवामानात नुसते अंश बघू नका. उणे १५ अंश आणि ताशी २० किलोमीटर वारा असेल तर अंगाला उणे २४ लागतं, आणि वाऱ्याच्या तोंडावर स्केट करताना तुमचा वेगही त्यात मिळतो. वारा धरून उणे २८ च्या खाली गेलं की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. गाल किंवा बोटाचं टोक पांढरं पडून बधिर झालं तर चोळू नका, बर्फ तर मुळीच नाही. बोट बगलेत धरा, गालावर उघडा तळहात ठेवा. दहा मिनिटांत संवेदना आली नाही तर शर्यत सोडून वैद्यकीय तंबूत जा. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. बाकीच्यांनीही तोंडावर गळपट्टी ओढून घ्यावी, कोरडी गार हवा छातीत जाते.

बदलण्याची जागा

एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना बूट आणि साहित्य बदलायचं असतं, त्याची घराबाहेर, अंगणात, हातमोजे घालून तालीम करा. स्वयंपाकघरात केलेली तालीम मोजायची नाही.

धावण्याचे बूट तासभर बर्फात पडून राहिले की लाकडासारखे होतात. ते पिशवीत घालून, आत एकेक गरम पुडी ठेवून, पिशवी बंद करून ठेवा. लेस काढून रबरी लेस घाला, पाय नुसता सरकवायचा. स्की आणि पोल ठळक रंगाच्या चिकटपट्टीने ओळखू येतील असे करा, भाड्याच्या स्की सगळ्या एकसारख्या दिसतात. मी एकदा दुसऱ्याचे पोल घेऊन अर्धा किलोमीटर गेले होते, ते माझ्या हनुवटीला लागायला लागले तेव्हा लक्षात आलं.

शर्यतीची सकाळ

अडीच-तीन तास आधी नेहमीचं खा. माझा उपमा असतो. शर्यत फेब्रुवारीत, त्यामुळे घरी संक्रांतीचा तिळगूळ उरलेला असतोच आणि तो खिशात टाकायचा मोह होतो. उणे १५ ला तिळाची वडी दगड होते, चिक्की तर दातच काढेल. मऊ खजूर आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. थर्मासमध्ये लिंबू-साखर-मीठ घातलेलं गरम पाणी ठेवा. तहान लागत नाही म्हणून लोक पीत नाहीत, पण घाम जातच असतो.

रांगेत मागे उभे राहा. पहिल्या किलोमीटरात पुढे गर्दी, पाती आणि कोपरं असतात. वारा समोरून असेल तर एखाद्या धडधाकट माणसाच्या मागे लागा, आधी विचारून. बोटं दुखायला लागली तर हात मोठे गोल फिरवा. दुखतंय तोवर ठीक. दुखायचं थांबलं आणि गरम झाली नसतील, तर वर सांगितलंय ते करा.

शेवटच्या रेषेनंतर पदक, फोटो हे सगळं नंतर. आधी आत जाऊन अंगाला लागून असलेला ओला थर बदला, कारण थांबल्यापासून दोन-तीन मिनिटांत थरथर सुरू होते. फोन आतल्या खिशातच राहू द्या, थंडीत बॅटरी एकदम बसते आणि मग घरच्यांना कुठे उभं राहायचं ते सांगता येत नाही. घरी आल्यावर स्केटची पाती फडक्याने कोरडी करा. ओली तशीच म्यानात राहिली तर सकाळपर्यंत गंजाचे ठिपके.