नॅरोबोटवर मांजर न्यायचंय? मग एवढं कराच

इंग्लंडच्या कॅनॉलवर नॅरोबोटने, म्हणजे कालव्यातून जाणाऱ्या लांब, अरुंद, आत राहता येणाऱ्या बोटीने फिरायचं आणि मांजर पण सोबत हवंय, तर एक लक्षात घ्या, मांजर माणसापेक्षा जागेला जास्त धरून असतं आणि बोटीची जागा तर सारखी बदलते. म्हणून आधी बोट हेच तिचं घर झालं पाहिजे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मरीनात (बोटी बांधून ठेवायच्या जागी) बोट बांधून ठेवा, मांजर आतच, रोज थोडा वेळ इंजिन चालू करा आणि नेमकं तेव्हाच तिला आवडीचं खायला द्या. आमच्या मनीने पहिल्या दिवशी आवाज ऐकून पलंगाखाली जे तोंड लपवलं ते संध्याकाळीच बाहेर काढलं, पण नंतर इंजिन सुरू झालं की तीच वाटीपाशी येऊन बसायला लागली.

ती कधी ना कधी पाण्यात पडणारच. मांजराला पोहता येतं, खरी अडचण वर चढायची आहे, कारण बोटीची बाजू गुळगुळीत लोखंडाची आणि बऱ्याच ठिकाणी काठालाही लोखंडी पत्रेच ठोकलेले, नखं रुतणार कुठे? जुन्या कार्पेटची लांब पट्टी नाहीतर काथ्याचा जाड दोर दोन्ही बाजूंनी पाण्यात बुडेल एवढा सोडा, वरून घट्ट बांधा. पण निघायच्या आधी आठवणीने वर ओढा!! प्रॉपेलरमध्ये गुंडाळलं की वीड हॅच (प्रॉपेलरवरचं झाकण) उघडून गार पाण्यात हात घालून तुकडा तुकडा कापत बसावं लागतं.

बोट चालू असताना मांजर आत, दारं आणि साइड हॅच बंद. वेग ताशी ४ मैलच असतो त्यामुळे वाटतं की बसू दे की छपरावर, पण लॉकमध्ये (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या कोठीत) बोट खाली जाताना घाबरून तिने काठावर उडी मारली आणि चुकली तर खाली भिंत आणि बोट यांच्यात वीतभर फट असते. इंजिनची जागा उबदार असते, तिथे झोपलेली नाही ना ते बघूनच किल्ली फिरवा. अँटीफ्रीझ सांडलं तर लगेच पुसा, थोडंसं चाटलं तरी किडन्या जातात.

कातडीखाली बसवायची ओळखीची चिप तर हवीच, १० जून २०२४ पासून इंग्लंडमध्ये मांजर २० आठवड्यांचं व्हायच्या आत ती बसवणं सक्तीचं आहे, आणि पत्ता बदलत राहणार म्हणून चिपच्या नोंदणीत मोबाइल नंबर चालू असलेलाच द्या. कॉलर घालायची तर ओढ बसल्यावर सुटणारीच घ्या.

निघायच्या आदल्या संध्याकाळी जेवण उशिरा द्या, भुकेने आत आली की दार लावून टाका. होम मूरिंग (बोट बांधायची स्वतःची कायमची जागा) नसेल तर एका जागी जास्तीत जास्त १४ दिवस थांबता येतं, पण निघणं चौदाव्या दिवसावर ढकलू नका, दहाव्या-अकराव्या दिवशीच ठरवा, म्हणजे ती झुडपात बसून राहिली तरी तुमच्याकडे वाट बघायला दोन-तीन दिवस असतात.