नालबंद व्हायचंय? आधी आठ महिने पाय उचला

नांदेडहून लातूरकडे जाताना लोह्याच्या पुढे माळेगाव लागतं. मार्गशीर्षातल्या अमावास्येच्या सुमाराला तिथं खंडोबाची यात्रा भरते आणि यात्रेत घोड्यांचा बाजार. सातवीत असताना काकांबरोबर गेलो होतो. सगळे घोड्याचे कान, मान, रंग बघत होते. एक म्हातारा गिऱ्हाईक मात्र खाली मान घालून उभा. त्यानं मालकाला घोडा कडक रस्त्यावर नेऊन परत आणायला लावला आणि डोळे मिटून टापा ऐकल्या. मग म्हणाला, "मागच्या डाव्या पायात खोट आहे." मालकानं नाल काढून दाखवला, तर आत खडा रुतलेला. माझं घोड्यांचं वेड त्या दिवशी मानेवरून पायाकडे आलं.

आता गावोगावची पोरं विचारतात, "दादा, नालबंद कसं व्हायचं?" नालबंद म्हणजे घोड्या-बैलांच्या खुरांना नाल ठोकणारा. म्हणून माझा रस्ता लिहितो.

बारावीनंतर तालुक्याच्या आयटीआयमध्ये चौकशी केली. वेल्डर होता, फिटर होता, नालबंद नव्हता. वेल्डिंग शिकलो, ते लोखंड ओळखायला आजही कामी येतं. घोड्याचा पाय मात्र मला नांदेडच्या एका चाचांनी शिकवला. तीन पिढ्यांचा त्यांचा हाच धंदा. पहिल्याच दिवशी मी हातोडी उचलली, तर त्यांनी ती काढून घेतली. "हथौडी कू हात नक्को लगा अभी. पाँव उठाना सीख."

पुढचे आठ महिने मी फक्त पाय उचलले आणि साफ केले. तेव्हा राग यायचा, आज कळतं की अर्धी विद्या तिथंच होती. घोड्याकडे समोरून किंवा थेट मागून जायचं नाही, खांद्याच्या बाजूनं जायचं. बोलत जायचं, म्हणजे आपण कुठं आहोत हे त्याला कळतं. पुढचा पाय घ्यायचा तर आपलं तोंड शेपटीकडे. हात खांद्यापासून सरकवत गुडघ्याखालच्या नळीपर्यंत न्यायचा, मागची शीर हलकी दाबायची, घोडा भार दुसरीकडे टाकतो आणि पाय आपोआप हलका होतो. तो दोन्ही गुडघ्यांत धरायचा. मागच्या पायासाठी हात पुठ्ठ्यावरून खाली न्यायचा आणि पाय मांडीवर घ्यायचा. बाहेरच्या बाजूला ओढायचा नाही, सांधा दुखतो आणि दुखलं की घोडा लाथ मारणारच. म्हाताऱ्या घोड्याचा पाय कमी उंचीवर धरायचा, अधूनमधून खाली टेकू द्यायचा. घोड्याजवळ कधीही मांडी घालून किंवा गुडघे टेकून बसायचं नाही. आणि कंबर वाकवताना गुडघेही वाकवा. तरुणपणी हे पटत नाही, पण कंबर गेली की या धंद्यात दुसरं काही उरत नाही.

मराठवाड्यात एकट्या घोड्यांवर शिकाऊ माणसाचं पोट भरत नाही. आमचा हात बैलांवर बसतो. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की बीडकडच्या बैलांना पत्र्या, म्हणजे बैलांचे नाल, मारायची घाई सुरू होते. डांबरी रस्त्यावर भरल्या गाडीनं खूर झिजतात. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना आठ. त्याला दोरानं आडवा पाडतात, पाय बांधतात, मग ठोकतात. घोड्याचं तसं नाही. तो तीन पायांवर उभा राहून चौथा तुमच्या हाती देतो. बैलावर हातोडी बसवा, पण बैलासारखा घोडा बांधून काम उरकायची सवय लावून घेऊ नका. मी अशी कामं पाहिली आहेत. तो घोडा पुन्हा कुणाही नालबंदाला जवळ येऊ देत नाही.

नाल ठोकणं हे कामाचं शेवटचं टोक. आधी खूर वाचायला शिकावं लागतं. खूर आपल्या नखासारखं वाढतं, महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर. म्हणून दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, वाढ छाटून पुन्हा बसवायचे. पैसे वाचवायला मालक तीन-तीन महिने लांबवतात, पुढचं टोक लांबतं आणि मागच्या शिरांवर ताण येतो. घोडा सपाट जागी उभा करून बाजूनं बघा. खुराची पुढची रेघ आणि वरच्या सांध्याची रेघ एका उतारात यायला हवी. तळव्यात मधोमध त्रिकोणी, रबरासारखा भाग असतो, चाचा त्याला पुतली म्हणायचे. टाप पडली की तो भाग आणि टाचा दाब झेलतात. नवशिका दिसायला सुंदर व्हावं म्हणून पुतली कोरत सुटतो, तळवा पातळ करतो, बाहेरून कानस मारून खूर चकचकीत करतो. वरची ती चमक खुरातला ओलावा राखते. ती घालवली की आमच्याकडच्या वैशाखातल्या उन्हात खूर वाळतं, चिरतं.

आणि नाल खुराच्या मापाचा करायचा, खूर नालाच्या मापाचं नाही. तयार नाल लहान असला तर खूर कापून बसवणारे भेटतील. त्यांच्याकडे शिकू नका.

पावसाळ्यात आपली काळी माती वेगळाच धडा देते. चिखल नाल धरून ठेवतो, घोडा पाय उपसतो आणि नाल मागं राहतो. कधी खुराचा टवकाही घेऊन जातो. तबेला ओला राहिला की पुतलीच्या बाजूच्या खाचेत काळा घाण पदार्थ येतो. पाय उचलताच नाकाला कळतं. ती जागा साफ करायची, कोरडी ठेवायची आणि मालकाला तबेला बदलायला सांगायचा. खूर गरम लागलं, नळीच्या मागं नाडी जोरात उडत असली आणि घोडा पुढचे पाय पुढं टाकून मागं झुकून उभा असला, तर अवजारं पिशवीत ठेवा आणि पशुवैद्यकांना फोन करा. नाकातून चिकट स्राव आणि अंगावर गाठी दिसल्या तरी तेच. तो ग्लँडर्स नावाचा रोग असू शकतो, तो माणसालाही होतो आणि तबेल्यातून तबेल्यात आपणच फिरतो.

खिळ्याबद्दल थोडं सविस्तर. खिळ्याच्या टोकाची एक बाजू तिरपी असते, ती आत, पुतलीकडे ठेवायची. मग टोक बाहेर वळत जातं आणि खुराच्या भिंतीतून बाहेर येतं. उलटा धरला तर तो जिवंत मांसाकडे वळतो. भिंत आणि तळवा जुळतात तिथं पांढरी रेघ दिसते, खिळा तिच्या बाहेरच राहायला हवा. टाचेकडे खिळे नाहीत, कारण पाय टेकला की टाच फाकते. आणि कान उघडे ठेवा. कडक भिंतीत जाणारा खिळा प्रत्येक ठोक्याला टणटणीत वाजतो. आवाज मऊ झाला, खिळा सहज आत गेला, तर तिथंच थांबायचं.

मी थांबलो नाही. दुसऱ्या वर्षी लग्नसराईत एका नवरदेवाच्या घोडीचं काम चाचांनी माझ्यावर सोपवलं. संध्याकाळी वरात होती, मालक घाई करत होता. पुढच्या उजव्या पायातला तिसरा खिळा मऊ गेला आणि घोडीनं पाय झटकला. मला कळलं होतं. तरी टोक पिळून तोडलं, वळवलं आणि पुढं गेलो. दुसऱ्या दिवशी घोडी तीन पायांवर. चाचांनी खिळा काढला, भोकातून आधी काळसर पाणी आलं, मग रक्त. आयोडीन घातलं, डॉक्टरांकडून धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो. चाचा मला काही बोलले नाहीत. "अब आठ दिन तू इसके पास सोएगा," एवढंच. मी तबेल्यात झोपलो. रोज पाय मिठाच्या कोमट पाण्यात बुडवला, पट्टी बदलली, मोतद्दारासारखा, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या माणसासारखा, खरारा केला. सहाव्या दिवशी तिनं पाय पुरा टेकला.

पुढं काय, तर थोडे दिवस मोठ्या तबेल्यात काढा. मी पुण्याच्या बाजूला एका स्टडफार्मवर मोतद्दाराचा मदतनीस म्हणून सहा महिने राहिलो. शिंगराचे पाय वाकडे वाढत असतील तर पहिल्या काही महिन्यांतच कानशीनं हळूहळू सरळ करता येतात, हे तिथं पाहिलं. शर्यतीचे घोडे ॲल्युमिनियमच्या हलक्या नालांवर पळतात. पुण्याचा मोसम पावसाळ्यात आणि मुंबईत महालक्ष्मीचा हिवाळ्यात, त्यामुळे तिथं काम वर्षभर असतं, पण ओळखीशिवाय हातात पाय देत नाहीत. सैन्यात जायचं असेल तर रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये नालबंदाचा ट्रेड आहे, केंद्र मेरठला. तिथं घोड्यांबरोबर डोंगरातली खेचरंही असतात. ब्रिटनमध्ये 1975च्या कायद्यानं नोंदणी नसलेल्या माणसाला घोड्याला नाल मारताच येत नाही आणि शिकाऊ उमेदवारी काही वर्षांची असते. आपल्याकडे तसं बंधन नाही, म्हणून बंधन आपणच घालून घ्यायचं.

गावाकडे कमाई हंगामी आहे. दिवाळीपासून ऊसतोडीचे बैल, मग माळेगावची यात्रा, सारंगखेड्याचा घोडेबाजार जमला तर तोही, उन्हाळ्यात वरातीचे आणि नाचाचे घोडे. आषाढ-श्रावणात हात रिकामे. त्यासाठी माझं वेल्डिंग आहे. तुम्हीही एक जोडधंदा ठेवा, म्हणजे पैशासाठी घाईचं काम घ्यावं लागत नाही.

त्या घोडीचा मालक पुन्हा बोलावील असं वाटलं नव्हतं. दोन महिन्यांनी त्याचाच फोन आला. नाल काढला तेव्हा माझ्या खिळ्याचं भोक वाढीबरोबर खाली सरकलेलं होतं, काठापासून बोटभर वर. त्याच्या पुढच्या खेपेला छाटणीतच ते निघून गेलं. छाटलेला तुकडा मी उचलला. मध्ये गोल, काळी कड असलेलं भोक. तो माझ्या अवजारांच्या पिशवीत, खिळ्यांच्या डबीशेजारी आहे.