पीसीच्या कॅबिनेटसाठी फॅन घेताय? आधी हवा कुठून आत येते ते बघा

मार्च संपत आला की सगळीकडून एकच प्रश्न सुरू होतो, पीसी तापतोय, अजून दोन फॅन लावू का? आणि बरेच जण उत्तराची वाट न बघता सहा फॅनचा आरजीबी (रंगीत लाइटवाला) कॉम्बो मागवून मोकळे पण होतात. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्याच पैशात दोन नीट फॅन आले असते आणि फरकही दिसला असता. फॅन फक्त हवा ढकलतो, थंड करत नाही. त्यामुळे पुढून काच लावून बंद केलेल्या कॅबिनेटमध्ये सहा लावा नाहीतर आठ, तीच गरम हवा आतल्या आत फिरत राहणार. म्हणून खाली सांगतोय त्या क्रमानेच जा, खरेदी शेवटाकडे ठेवा.

१. खोलीचं तापमान आधी बघा

हे कोणीच करत नाही आणि आपल्याकडे हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. हवेवर थंड होणारा कुठलाही पार्ट खोलीच्या तापमानाच्या खाली जाऊ शकत नाही. समजा डिसेंबरात खोली २५ डिग्री आहे आणि गेम खेळताना सीपीयू (प्रोसेसर) ७० दाखवतो, म्हणजे फरक ४५ चा. आता मे महिना, नागपूर-अकोला-चंद्रपूरकडे बाहेर पारा ४५ ला टेकलेला, खोलीत ३८, तर तोच सीपीयू त्याच गेममध्ये ८३ च्या आसपास जाणार, आणि यात बिघडलेलं काहीच नाही. बघायचा तो हा फरक, नुसता स्क्रीनवरचा आकडा बघून घाबरू नका. एएमडीच्या रायझन ७००० सिरीजच्या बऱ्याच मॉडेलना ९५ डिग्री आणि इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरना १०० डिग्री ही मर्यादा असते, तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो.

विदर्भात डेझर्ट कूलर लावत असाल तर खोली थंड होते तेवढी पीसीला मदतच आहे, फक्त कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ओलसर हवेत धूळ फिल्टरला आणि पात्यांना चिकटून बसते, मग ती निघता निघत नाही.

२. साइड पॅनेल काढून टेस्ट करा

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, नेहमीचा गेम किंवा रेंडर अर्धा तास चालवा, सीपीयू आणि जीपीयूचं (ग्राफिक्स कार्डच्या चिपचं) तापमान लिहून ठेवा. मग साइडचं झाकण काढून परत तेच अर्धा तास. झाकण काढल्यावर तापमान ८-१० डिग्रीने उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवा पुरत नाहीये, फॅनचा उपयोग होईल. २-३ डिग्रीचाच फरक असेल तर फॅनवर पैसे घालवू नका, प्रॉब्लेम सीपीयू कूलरचा, वाळलेल्या थर्मल पेस्टचा (सीपीयू आणि कूलरच्या मधे लावतात ती) नाहीतर धुळीचा आहे.

अजून एक सोपी गोष्ट करा. खोलीतले पंखे सगळे बंद करून एक अगरबत्ती लावा आणि पीसी चालू असताना कॅबिनेटच्या पुढच्या फटीजवळ धरा, जाळीपासून चार बोटं लांब, नाहीतर नायलॉनचा फिल्टर वितळेल. धुराची रेघ सरळ आत ओढली जात असेल तर रस्ता मोकळा आहे. धूर नुसता वर जात असेल किंवा बाजूला पसरत असेल तर पुढचा फॅन फिरतोय पण त्याला हवाच मिळत नाहीये. काचेच्या फ्रंटवाल्या स्वस्त कॅबिनेटमध्ये हे खूप दिसतं, काचेच्या कडेला बोटभर फट असते आणि तेवढ्यातून तीन फॅननी हवा ओढायची असते. अशा वेळी शक्य असेल तर काच काढून चालवून बघा, आणि तापमान धाडकन खाली आलं तर नवीन फॅनपेक्षा जाळीच्या फ्रंटचं कॅबिनेट घेणं जास्त शहाणपणाचं.

३. कुठे किती फॅन ते ठरवा

साध्या मिड टॉवरला (मध्यम उंचीच्या कॅबिनेटला) पुढे दोन आत ओढणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा, बास. माझं मत विचाराल तर ९० टक्के लोकांनी इथेच थांबावं. ग्राफिक्स कार्ड मोठं असेल तर पुढचा एक फॅन कार्डच्या लेव्हलला यायला हवा, कारण आजकालची बहुतेक कार्डं आपली सगळी उष्णता कॅबिनेटच्या आतच सोडतात. वर लावायचाच असेल तर मागच्या बाजूच्या भोकात लावा, बाहेर फेकणारा. वर पण पुढच्या कोपऱ्यात लावला तर पुढून आलेली ताजी हवा सीपीयूपर्यंत पोचायच्या आधीच तो बाहेर काढून टाकतो.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा आणि आत ओढणाऱ्या फॅनना फिल्टर ठेवा. उलटं झालं, म्हणजे बाहेर फेकणारे जास्त झाले, की कॅबिनेट प्रत्येक फटीतून हवा ओढतं आणि तिथे फिल्टर नसतो. रस्त्याच्या कडेला घर असेल किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर हा फरक दोन महिन्यात डोळ्याला दिसतो.

४. साइज मोजा

१२० किंवा १४० मिमी. कॅबिनेटमध्ये १४० बसत असेल तर तोच घ्या, कमी आरपीएमवर (मिनिटाला फेरे) तेवढीच हवा देतो त्यामुळे आवाज कमी. अंदाजाने घेऊ नका, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर मोजा: १२० च्या फॅनला मध्यापासून मध्यापर्यंत १०५ मिमी येतं, १४० ला १२४.५. जाडी साधारण २५ मिमी असते, म्हणजे पुढे आतल्या बाजूने फॅन लावला की ग्राफिक्स कार्डच्या जागेतून तेवढे कमी होतात, लांब कार्ड असेल तर आधी टेपने मोजून बघा.

५. पिन बघा, फसवणूक इथेच होते

४ पिनचा पीडब्ल्यूएम फॅन घ्या, म्हणजे ज्याचा स्पीड मदरबोर्ड वेगळ्या पिनवरच्या सिग्नलने ठरवतो. ३ पिनचाही मदरबोर्डवरच्या ४ पिनच्या हेडरवर (फॅन जोडायच्या पिनांवर) बसतो आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) डीसी मोड ठेवला तर व्होल्टेज कमी-जास्त करून चालतो, पण पीडब्ल्यूएमवर फॅन जास्त खालच्या स्पीडपर्यंत व्यवस्थित उतरतो.

रिमोटवाले जे स्वस्त कॉम्बो मिळतात त्यातल्या कित्येकांना ६ पिनचा वेगळाच कनेक्टर असतो जो फक्त त्यांच्याच हबला (सगळे फॅन एकत्र जोडायच्या डबीला) लागतो. मदरबोर्डला असे फॅन दिसतच नाहीत, त्यामुळे तापमानाप्रमाणे स्पीड बदलणं विसरा, आणि हब गेला की सगळे फॅन एकदम निकामी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दुकानात उभे राहून घेत असाल तर बॉक्स उघडून कनेक्टर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

लाइटवाले घ्यायचे तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, एआरजीबी म्हणजे ५ व्होल्ट आणि ३ पिन, साधा आरजीबी म्हणजे १२ व्होल्ट आणि ४ पिन. ५ वाला जबरदस्तीने १२ च्या हेडरवर बसवला की एलईडी जळतात.

एका हेडरवर स्प्लिटर (एका जोडणीच्या दोन-तीन करणारी वायर) लावून दोन-तीन फॅन चालतात, पण फॅनच्या मागच्या स्टिकरवर अँपिअर लिहिलेले असतात त्यांची बेरीज करा. बहुतेक मदरबोर्डच्या हेडरची मर्यादा १ अँपिअर असते, तरी मॅन्युअल बघाच. त्याहून जास्त होत असेल तर साटा पॉवरवर (थेट पॉवर सप्लायच्या वायरवर) चालणारा पीडब्ल्यूएम हब घ्या.

६. बॉक्सवरचे आकडे

सीएफएम म्हणजे किती हवा ढकलतो, पण तो आकडा फॅनच्या समोर काहीही आडवं नसताना मोजलेला असतो. तुमच्याकडे मात्र जाळी आहे, फिल्टर आहे, कदाचित पाण्यावर चालणाऱ्या कूलरचा रेडिएटर आहे. अशा ठिकाणी स्टॅटिक प्रेशर, म्हणजे अडथळ्यातून हवा रेटायचा जोर बघायचा, ते मिमी पाण्यात लिहितात. आर्क्टिक कंपनीचा पी१२ घ्या, १८०० आरपीएमला ५६.३ सीएफएम आणि २.२ मिमी, फिल्टरमागे लावायला भरपूर झाला. नॉक्टुआ कंपनीचा एनएफ-ए१२x२५ जास्त शांत आणि ६ वर्षांची वॉरंटी, पण बराच महाग. मी बजेटवाल्याला पी१२ सारखाच काहीतरी सुचवतो आणि उरलेले पैसे चांगल्या सीपीयू कूलरमध्ये टाका म्हणतो. ज्या बॉक्सवर स्टॅटिक प्रेशरचा आकडाच नाही तो फॅन मी तरी घेणार नाही.

बेअरिंग फ्लुइड डायनॅमिक किंवा बॉल बघा. साधं स्लीव्ह बेअरिंग वरच्या भागात आडवं लावलं की लवकर घरघर करायला लागतं.

७. लावताना

पीसी बंद, मेनची पिन काढलेली. फॅनच्या ज्या बाजूला चार दांड्या आणि मधे स्टिकर असतो त्या बाजूने हवा बाहेर पडते, उघड्या पात्यांच्या बाजूने आत ओढली जाते, काही फॅनच्या फ्रेमवर बाण पण कोरलेले असतात. म्हणजे पुढच्या फॅनचा स्टिकर कॅबिनेटच्या आत तोंड करून आणि मागच्याचा स्टिकर बाहेर. स्क्रू चारही आधी हलके लावा, मग तिरके-तिरके घट्ट करा. सीपीयू फॅनच्या हेडरवर सीपीयूचाच फॅन राहू द्या, तो रिकामा राहिला तर बरेच बोर्ड चालू होताना एरर देतात.

मग बायोसमध्ये कर्व्ह लावा, म्हणजे किती तापमानाला फॅनचा किती स्पीड ते ठरवा. १२० चे फॅन साध्या कामाला ६००-८००, गेमिंगला १०००-१२०० आरपीएमवर ठेवले तर आवाज त्रास देत नाही. सीपीयूचं तापमान क्षणात वर-खाली होतं आणि फॅन सारखे हुं-हुं करत राहतात, म्हणून स्पीड बदलायला काही सेकंदांचा उशीर ठेवायची सेटिंग शोधा, बहुतेक बोर्डांत असते. रात्री शांत घरात हा एवढा बदल फार जाणवतो.

८. परत तीच टेस्ट

तोच गेम, तोच अर्धा तास, झाकण लावून, आणि खोलीचं तापमान वजा करूनच तुलना करा. फरक १-२ डिग्रीच पडला तर आधी फॅनची दिशा तपासा, मग पुढचा फिल्टर काढून बघा. तरीही काही नाही तर रिटर्नची मुदत संपायच्या आत फॅन परत करा, म्हणून तोपर्यंत बॉक्स आणि स्क्रूची पुडी फेकू नका.